गिटारचे रॅक प्रोसेसर: टोन, पारदर्शकता आणि तुलना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पारदर्शक’ प्रोसेसर म्हणजे नेमकं काय?

रॅक प्रोसेसर म्हणजे रॅकच्या चौकटीत बसवलेलं, गिटारच्या आवाजाला डिले-रिव्हर्बसारखे इफेक्ट देणारं यंत्र. त्यातून आलेला मूळ सिग्नल आणि साध्या केबलमधून आलेला सिग्नल यांतला फरक कानाला कळू नये, इतकाच त्याचा अर्थ. फरक पडू शकतो तो पाच जागी: पातळी, खालच्या-वरच्या फ्रिक्वेन्सींचा तोल, सिग्नल पोचायला लागणारा वेळ, मागची सूं, आणि जोरात वाजवल्यावर शिखरं चेपली जाणं.

यांतली पातळी सगळ्यांत फसवी. आवाज अर्धा डीबी (डेसिबल) उतरला, तर ‘आवाज कमी झाला’ असं कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘टोन मेला’ असं वाटतं. त्यामुळे पातळी जुळवल्याशिवाय केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही, आणि हे या पानावर पुन्हा पुन्हा येणार आहे.

आणखी एक. पारदर्शक म्हणजे चांगला, असं समीकरण नाही. कित्येक जुने रॅक डिले आणि रिव्हर्ब लोक आजही शोधतात ते त्यांच्या इफेक्टच्या रंगासाठी. मूळ सिग्नल शाबूत राहिला, की इफेक्टला हवा तेवढा रंग असू द्या.

‘हा प्रोसेसर टोन खातो’ असं म्हणतात तेव्हा खरं काय झालेलं असतं?

बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी. दोष कन्व्हर्टरला, म्हणजे सिग्नलचे आकडे आणि आकड्यांचा परत सिग्नल करणाऱ्या भागाला, दिला जातो, पण पाणी भलतीकडेच मुरत असतं. तपासायचं ते या क्रमाने:

१. यंत्र चालू असताना आणि साखळीतून पूर्ण काढून टाकल्यावर पातळी सारखी आहे का?
२. मागचा लेव्हल स्विच (+४/-१०) अँपच्या इफेक्ट्स लूपशी, म्हणजे प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधल्या जोडणीशी, जुळतो का?
३. पिकअप थेट लाइन इनपुटला जोडलं आहे का?
४. लूप समांतर असून यंत्रातून ड्रायही (इफेक्ट न लागलेला मूळ सिग्नल) बाहेर पडतोय का?
५. मिक्स, म्हणजे ड्राय आणि वेट (नुसता इफेक्ट) यांचं प्रमाण, वाढवताना ड्राय खाली जातोय का?

या पाचांतून सुटलं तरच कन्व्हर्टरकडे बोट दाखवा.

रॅक प्रोसेसर गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा की इफेक्ट्स लूपमध्ये?

डिले, रिव्हर्ब, कोरस, पिच यांची जागा लूपमध्ये, म्हणजे प्रीअँपच्या (अँपच्या पहिल्या टप्प्याच्या) डिस्टॉर्शननंतर. आधी रिव्हर्ब आणि मग डिस्टॉर्शन असं झालं, की शेपट्या (विझत जाणारे आवाज) चिरडून नुसता चिखल होतो. वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह यांची जागा प्रीअँपच्या आधी.

गिटार थेट रॅकला जोडायची असेल, तर पुढच्या पॅनेलवर ‘इन्स्ट्रुमेंट’ असं लिहिलेलं, सुमारे १ मेगाओहम इम्पीडन्सचं इनपुट आहे का ते पाहा. मागचं लाइन इनपुट सहसा १० ते ५० किलोओहमचं असतं, आणि पॅसिव्ह पिकअप तिथे गुदमरतं. हिशेब करून बघा. सिंगल-कॉइल पिकअपचा रोध ७ किलोओहम आणि इंडक्टन्स २.५ हेन्री धरला, तर १० किलोओहमच्या इनपुटवर खालच्या स्वरांतच साडेचार डीबी जातात. ३ किलोहर्ट्झला पिकअपची स्वतःची रिअ‍ॅक्टन्स ४७ किलोओहमवर पोचते आणि तिथली घट १४ डीबीच्या घरात जाते. जाड, बोथट, घोंगडीखालून आल्यासारखा आवाज तो हाच. यात प्रोसेसरचा काही दोष नाही. मध्ये एक साधा बफर (पिकअपवर भार येऊ न देणारं सर्किट) टाकला की दुखणं संपतं.

उलटी चूकही होते. लूपमधला लाइन पातळीचा सिग्नल पुढच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला दिला, की तो आतच फाटतो. लाल दिवा लागो न लागो, पॉवर कॉर्ड किरकिरायला लागतो.

+४ आणि -१० या स्विचचं काय करायचं?

हा स्विच यंत्राची नेहमीची सिग्नल पातळी ठरवतो. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, -१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोन्हींत सुमारे १२ डीबींचं अंतर आहे. एक डीबीयूत आणि दुसरं डीबीव्हीत मोजतात, म्हणून अंतर १४ येत नाही.

गिटार अँपचे बरेचसे लूप -१० च्या आसपास चालतात, काही तर त्याहून खाली, पेडलच्या पातळीला. स्टुडिओसाठी बनवलेला प्रोसेसर +४ ची वाट बघत बसलेला असतो. त्याला -१० चा सिग्नल दिला, की आतल्या मीटरवर कसंबसं एक-दोन दिवे लागतात. मग आउटपुट वाढवावा लागतो आणि त्याबरोबर सूंसुद्धा १२ डीबीने वर येते. उलट, -१० च्या यंत्राला +४ दिला तर शिखरं कापली जातात.

सेटिंग असं करा: सगळ्यांत जोरकस पॅच (साठवलेली सेटिंग) निवडा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि सगळ्या तारांवर खच्चून वाजवा. शिखरं लाल दिव्याच्या ६ डीबी खाली राहतील इतका इनपुट ठेवा. मग आउटपुट असा लावा, की यंत्र साखळीत असताना आणि नसताना पातळी एकच राहील. क्लीन पॅचवर इनपुट लावून पुढे लीडवर गेलात, तर पहिल्याच बेंडला दिवा पेटेल.

माझ्या यंत्रात ड्राय सिग्नल अनालॉग राहतो की डिजिटल होतो, हे कसं ओळखायचं?

पारदर्शकतेच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि माहितीपत्रक याचं उत्तर क्वचित देतं.

काही यंत्रांत ड्राय सिग्नल ऑप-अँपमधून (अनालॉग अँप्लिफायरच्या चिपमधून) सरळ आउटपुटच्या मिक्सरकडे जातो आणि डिजिटल होतो तो फक्त इफेक्टचा हिस्सा. रोलँडचा १९८३ चा एसडीई-३००० हा या जातीचा डिले. दुसऱ्या जातीत आत आलेलं सगळंच कन्व्हर्टरमधून जातं आणि ड्राय-वेटचं मिश्रण आकड्यांत होतं. आजचे अँप-मॉडेलर, उदाहरणार्थ फ्रॅक्टल ऑडिओचे अ‍ॅक्स-एफएक्स किंवा लाइन ६ चा हीलिक्स रॅक, याच जातीचे आहेत. तिथे अँपच डिजिटल असल्यामुळे ड्राय अनालॉग ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

घरी तपासायला एक छोटा मिक्सर लागतो. एकच सिग्नल दोन वाटांनी आणा: एक सरळ केबलने, एक प्रोसेसरमधून. प्रोसेसरचं मिक्स शून्यावर, सगळे इफेक्ट बंद. दोन्ही फेडर सारखे करा आणि एकत्र ऐका. आवाज फक्त ६ डीबीने मोठा झाला, तर ड्राय अनालॉग आहे. पाइपातून आल्यासारखा पोकळ, फ्लँजर मधेच गोठल्यासारखा झाला, तर ड्राय डिजिटल होऊन उशिराने येतोय. मिक्सरवर पोलॅरिटी उलटवायचं बटण असेल तर तेही दाबा. अनालॉग ड्राय जवळपास नाहीसा होतो; डिजिटल ड्रायमधला फक्त बेस पातळ होतो आणि वरचा भाग तसाच राहतो.

समांतर लूपमध्ये आवाज पोकळ का होतो?

वर सांगितलं तेच इथेही होतं. समांतर लूपमध्ये अँपच्या आतून ड्राय चालूच असतो. त्यात प्रोसेसरनेही स्वतःचा ड्राय, तोही १-२ मिलिसेकंद उशिराने, मिसळला की कंगवा-फिल्टर तयार होतो. उशीर १ मिलिसेकंद असेल तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झला, मग १५००, २५०० असे. २ मिलिसेकंद असेल तर २५० पासून दर ५०० हर्ट्झला एक खड्डा. गिटारचा जीव याच पट्ट्यात असतो.

उपाय एकच: समांतर लूपमध्ये प्रोसेसर १०० टक्के वेट. बऱ्याच यंत्रांत ‘किल ड्राय’ नावाची, सगळ्या पॅचना एकदम लागू होणारी सेटिंग असते. ती चालू करा, म्हणजे प्रत्येक पॅचमध्ये मिक्स वेगळं बदलत बसावं लागत नाही. एक सापळा मात्र लक्षात ठेवा: ईक्यू, कॉम्प्रेसर, ट्रेमोलो हे ‘भर घालणारे’ इफेक्ट नाहीत, ते पूर्ण सिग्नलवर चालतात. समांतर लूपमध्ये ट्रेमोलो लावला, तर अँपचा ड्राय खालून सतत वाजत राहतो आणि ट्रेमोलो अर्धवट ऐकू येतो. असे इफेक्ट हवे असतील तर लूप सिरीज करा, म्हणजे सगळा सिग्नल प्रोसेसरमधूनच जाईल.

सिरीज लूपमध्ये मिक्स किती ठेवायचं?

डिलेसाठी १५ ते ३० टक्के, रिव्हर्बसाठी त्याहून थोडं कमी, ही सुरुवात. पण टक्क्यांवर विश्वास टाकू नका. काही यंत्रांत मिक्स ५० वर नेईपर्यंत ड्राय पूर्ण पातळीवर राहतो; काहींत पहिल्या टक्क्यापासूनच तो खाली उतरत जातो आणि ५० ला ३ ते ६ डीबी कमी झालेला असतो. अशा यंत्रात मिक्स शून्यावर जुळवलेली पातळी उपयोगाची नाही. ज्या मिक्सवर वाजवणार, त्याच मिक्सवर जुळवा. डिलेचा वेळ सर्वांत मोठा आणि फीडबॅक शून्य ठेवला, की पहिली प्रतिध्वनी येईपर्यंत ऐकू येतो तो निव्वळ ड्राय, तोच मोजायचा.

दोन प्रोसेसरांची तुलना घरी नीट कशी करायची?

लागणारं सामान: साधा मल्टिमीटर, फोनवर ४०० हर्ट्झची साइन वाजवणारं कोणतंही अ‍ॅप, दोन सारख्या केबल आणि एक ए-बी स्विच (दोन यंत्रांत आलटून-पालटून जायचा). ४०० हर्ट्झ एवढ्यासाठी, की स्वस्तातले मल्टिमीटर त्याच्या फार वर गेलं की खोटं बोलतात.

१. फोनच्या हेडफोन आउटपुटमधून टोन सोडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हमध्ये एसी व्होल्ट मोजा. समजा ३०० मिलीव्होल्ट आले.
२. ती केबल पहिल्या प्रोसेसरच्या इनपुटला जोडा. त्याचं आउटपुट ज्या यंत्राला जाणार आहे, त्याला जोडलेलं असतानाच मोजा. मोकळं सोडून मोजलं तर आकडा जास्त येईल.
३. आउटपुट नॉब फिरवून आकडा ३०० वर आणा. ७ मिलीव्होल्ट इकडे-तिकडे म्हणजे ०.२ डीबी, त्याच्या आत बसला पाहिजे.
४. दुसऱ्या प्रोसेसरलाही तेच.
५. आता फोन काढा, गिटार लावा, सगळे इफेक्ट बंद ठेवून ए-बी स्विचवर ऐका. स्विच दुसऱ्याने दाबावा आणि कुठला आहे ते तुम्हाला सांगू नये.
६. ड्रायचा निकाल लागल्यावरच इफेक्ट चालू करा. दोन्हीकडे डिलेचा वेळ, फीडबॅक आणि वरच्या फ्रिक्वेन्सीची काट सारखी ठेवा.

कारखान्यातून आलेले प्रीसेट एकमेकांशी ताडून पाहण्यात काहीही हशील नाही. ते दुकानात उठून दिसावेत म्हणून ३-४ डीबी चढे आणि इफेक्टने लडबडलेले असतात.

ऐकायला काय वाजवायचं? गिटारचा व्हॉल्यूम ४-५ वर ठेवून हळू वाजवलेले उघडे कॉर्ड. जोरदार डिस्टॉर्शनवर सगळी यंत्रं सारखीच वाटतात. फरक कळतो तो स्वर विझत जाताना: शेवटच्या सेकंदात सूं आली का, स्वर पायऱ्या-पायऱ्यांनी तुटला का, गेट मधेच बंद झालं का.

‘नल टेस्ट’ करून पारदर्शकता सिद्ध होते का?

अर्धीच. सरळ रेकॉर्डिंग आणि प्रोसेसरमधून आलेलं रेकॉर्डिंग एकमेकांवर बसवून एकाची पोलॅरिटी उलटवायची आणि उरलेला आवाज ऐकायचा, ही कल्पना सुंदर आहे. अडचण वेळेची. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंदांचं. जुळवणी अर्ध्या सॅम्पलने जरी चुकली, तरी ५ किलोहर्ट्झला उरलेला आवाज मूळच्या फक्त १० डीबी खाली राहतो. म्हणजे यंत्र निर्दोष असूनही नापास.

त्यापेक्षा फ्रिक्वेन्सी स्वीप मोजणं सोपं आणि प्रामाणिक. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर ऑडिओ इंटरफेसच्या साहाय्याने ते काम करतं. आधी इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून एक आलेख घ्या, मग मध्ये प्रोसेसर घालून दुसरा. ८० हर्ट्झ ते ६ किलोहर्ट्झ या पट्ट्यात दोन्हींतला फरक अर्ध्या डीबीच्या आत असेल, तर गिटारपुरतं यंत्र पारदर्शक आहे, असं बिनधास्त म्हणा.

बिट आणि सॅम्पल रेट यांवरून निवड करावी का?

करू नये. १२ इंची गिटार स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वर कड्यावरून पडल्यासारखा उतरतो. त्यामुळे ४४.१ आणि ९६ किलोहर्ट्झ यांतला फरक त्यातून ऐकूच येत नाही.

यामाहाचा १९८५ चा एसपीएक्स-९० बघा. १६ बिट, ३१.२५ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग आणि इफेक्टचा पल्ला १२ किलोहर्ट्झपर्यंत. कागदावर आज कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, पण त्याचा ‘सिम्फॉनिक’ गिटारवर अजूनही लावला जातो. लेक्सिकॉन पीसीएम ७० चा पल्ला १५ किलोहर्ट्झ. त्याच्या रिव्हर्बबद्दल तक्रार करणारा गिटारवादक सापडणं अवघड.

बिटांचा संबंध सूं आणि विझत्या स्वराशी येतो. १६ बिटांचा सैद्धांतिक पल्ला सुमारे ९८ डीबी. इनपुट २० डीबीने कमी ठेवला, की त्यातले २० वाया गेले. म्हणून जुन्या यंत्रात इनपुटची पातळी जिवापाड सांभाळावी लागते. २४ बिटांच्या यंत्रांचे प्रत्यक्ष कन्व्हर्टर ११० ते १२० डीबी देतात, तिथे थोडी ढिलाई चालते.

कन्व्हर्टरच्या आकड्यापेक्षा त्याच्या पुढचा इनपुट टप्पा किती हेडरूम (शिखरं कापली जाण्याआधीची मोकळीक) देतो, हे जास्त महत्त्वाचं. माहितीपत्रकात ‘कमाल इनपुट’ शोधा. लूपसाठी +१८ ते +२० डीबीयू उत्तम. तुलनेसाठी: ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलमधून फार तर +१२ डीबीयू निघू शकतो, आणि म्हणूनच तापलेल्या लूपमध्ये पेडल कोलमडतं तिथे रॅक टिकतो.

जुनं घ्यावं की नवं?

प्रश्न कशासाठी, यावर आहे. एकच यंत्र, कमी वजन, पॅच बदलताना खंड नको, आणि रेकॉर्डिंगला थेट लाइन हवी असेल, तर नवं. एखादा ठरावीक रंग हवा असेल, तर जुनं, आणि ते मिक्सरवर फक्त वेट म्हणून. इव्हेंटाइड एच-३००० चं ते प्रसिद्ध रुंद डीट्यून (सूर किंचित हलवून आवाज रुंद करणं) आज कुठल्याही मल्टिइफेक्टमध्ये बरंच जवळ जमतं: एका बाजूला +९ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), दुसऱ्या बाजूला -९ सेंट, दोन्हींना १० ते २५ मिलिसेकंदांचे वेगवेगळे डिले आणि मधे ड्राय. हे करून भागलं, तर जुन्या यंत्राची दुरुस्ती गळ्यात घेऊ नका.

यंत्रावरचा ‘बायपास’ खरा बायपास असतो का?

बहुधा नाही. बटण दाबल्यावर इफेक्ट गप्प होतो, पण सिग्नल इनपुट टप्पा, कन्व्हर्टर आणि आउटपुट टप्पा यांतून जातच राहतो. परीक्षा सोपी आहे: पॉवर अँप स्टँडबायवर टाका, प्रोसेसरची वीजपुरवठ्याची वायर काढा, अँप परत चालू करून वाजवा. आवाज आला तर आत रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे. नाही आला तर नाही. पण असा रिले काही यंत्रांत फक्त वीज गेल्यावरच काम करतो, बायपास बटणावर नाही, हेही ध्यानात घ्या.

यंत्र खरोखर बाजूला काढायचं, तर रिलेवाला लूप स्विचर हवा. १९८० च्या दशकात बॉब ब्रॅडशॉ यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ गिटारवादकांसाठी बांधलेल्या रॅक यंत्रणांचा गाभा हाच होता: प्रत्येक यंत्र स्वतःच्या लूपमध्ये, नको तेव्हा साखळीबाहेर. मोबदल्यात एक गोष्ट गमवावी लागते. लूप तुटला, की डिलेची शेपटीही तिथेच तुटते.

तीन-चार प्रोसेसर एकापाठोपाठ लावले तर टोन बिघडतो का?

सगळे डिजिटल ड्रायवाले असतील, तर प्रत्येकाचे १-२ मिलिसेकंद साठत जातात. ५ मिलिसेकंद म्हणजे अँपपासून पावणेदोन मीटर लांब उभं राहणं. बोटांना ते खटकत नाही. खटकतं ते दर टप्प्याला चढत जाणारी सूं आणि थोडी-थोडी चुकलेली पातळी.

यावर लाइन मिक्सर हा खात्रीचा मार्ग. ड्राय सरळ मिक्सरला, प्रत्येक प्रोसेसर १०० टक्के वेट आणि वेगळ्या चॅनेलवर. १ यू (रॅकमधल्या उंचीचं एकक) जागेत आठ स्टीरिओ चॅनेल बसवणारा रेनचा एसएम-८२ गिटार रॅकमध्ये याच कामासाठी दिसायचा. अशा मांडणीत प्रोसेसर कितीही रंगेल असला, तरी मूळ टोनला हात लावू शकत नाही.

त्याच्याही पुढचं पाऊल म्हणजे वेट-ड्राय-वेट: मधल्या कॅबिनेटमध्ये फक्त अँप, बाजूच्या दोन कॅबिनेटमध्ये स्टीरिओ वेट. बाजूंना जाणारा सिग्नल मुख्य अँपच्या स्पीकर आउटपुटवरून लाइन पातळीला उतरवून घेतात, म्हणजे पॉवर ट्यूबचा रंग इफेक्टलाही मिळतो. ट्यूब अँपला स्पीकर किंवा लोड जोडलेला असलाच पाहिजे. नुसता लाइन-आउट डबा म्हणजे लोड नव्हे. इथे चूक झाली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

रॅक लावल्यावर हम सुरू झाला. कुठून शोधू?

आधी आवाज ओळखा. खोल, गोल ‘घुंऽऽ’ म्हणजे वीजपुरवठ्याची मूळ फ्रिक्वेन्सी, ५० किंवा ६० हर्ट्झ: अर्थ लूप, किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. दुप्पट फ्रिक्वेन्सीची करवतीसारखी ‘झर्रर्र’ म्हणजे एखाद्या यंत्राच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर थकलेत.

मग सगळ्या सिग्नल केबल काढा आणि पॉवर अँपपासून मागे एकेक जोडत या. ज्या जोडणीला हम येईल, तिथे:

– रॅकच्या पट्टीला टेकणारे कान प्लॅस्टिकच्या वॉशरने वेगळे करून बघा. दोन यंत्रांची चासी रेलमधून जुळली, की दुसरा अर्थ मार्ग तयार होतो.
– यंत्राचं इनपुट बॅलन्स्ड आणि अँपचा सेंड अनबॅलन्स्ड असेल, तर दोन-वाहक केबल वापरा: यंत्राच्या बाजूला टिप आणि रिंग वेगळे, अँपच्या बाजूला रिंग आणि स्लीव्ह एकत्र. शील्ड फक्त अँपच्या बाजूला जोडा.
– तरीही राहिला तर १० किलोओहम ते १० किलोओहमचा लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.
– यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी वायरलेस रिसीव्हर किंवा वाहचं इंडक्टर असेल, तर जागा बदला. कधीकधी एका यू अंतराने काम होतं.

वीजपुरवठ्याच्या प्लगची अर्थ पिन काढून हम घालवू नका. हम जातो खरा, पण बिघाड झाला तर विजेचा परतीचा मार्ग तुमच्या तारांवरून आणि हातांतून जातो.

आणि सूं?

सूं वेगळी. ती पातळीची चूक असते. इनपुट कमी, आउटपुट जास्त, हे उलटं करा. नॉइज गेट लावायचं तर डिले-रिव्हर्बच्या आधी. नंतर लावलं, तर शेपट्या कात्रीने कापल्यासारख्या जातात.

फझ आणि रॅक एकत्र का जमत नाहीत?

दोन ट्रान्झिस्टरांच्या जुन्या धाटणीच्या फझला (खरखरीत डिस्टॉर्शन देणाऱ्या पेडलला) पिकअप थेट समोर लागतं. मधे स्विचरचा बफर आला, की तो कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी साफ होत नाही. फझ बफरच्या आधी ठेवा, प्रश्न संपला.

केबल किती महत्त्वाची?

लांबी महत्त्वाची, किंमत नाही. साधारण केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. २.५ हेन्रीचं पिकअप ६ मीटर केबलवर सुमारे ३.८ किलोहर्ट्झला चमकतं. रॅकपर्यंत जायला आणखी १२ मीटर टाकले, की तीच चमक २.३ किलोहर्ट्झवर उतरते. गिटार हातात तीच, आवाज मात्र दुसऱ्याच गिटारचा. बफर झाल्यानंतरच्या केबलला हा नियम लागत नाही.

मिडीने पॅच बदलताना आवाज तुटतो किंवा भलताच पॅच येतो.

मिडी म्हणजे यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याची डिजिटल भाषा. भलता पॅच एकने पुढे-मागे असेल, तर फूटकंट्रोलर ० ते १२७ मोजतोय आणि प्रोसेसर १ ते १२८. दोन्हींपैकी एकाची मोजणी बदला. काहीच होत नसेल तर मिडी चॅनेल बघा. ‘ऑम्नी’ (सगळे चॅनेल ऐकणं) करून चाललं, तर दोष चॅनेलचाच.

आवाज तुटण्याचा दोष मात्र मिडीच्या गतीचा नाही. प्रोग्राम चेंज दोन बाइटचा. ३१,२५० बिट प्रति सेकंद या गतीने त्याला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही. तुटतो तो प्रोसेसर नवा अल्गोरिदम भरताना आउटपुट बंद करतो म्हणून. एकाच अल्गोरिदमवर राहून कंट्रोल चेंजने मिक्स आणि फीडबॅक बदलले, की खंड जातो. आणि यंत्र मिक्सरवर फक्त वेट असेल, तर तुटतं ते केवळ इफेक्टचं. ड्राय वाजतच राहतो.

जुनं यंत्र विकत घेताना काय तपासायचं?

मेमरीची बॅटरी आधी. ती सहसा ३ व्होल्टची लिथियम आणि कित्येकदा बोर्डावर सोल्डर केलेली असते. २.७ व्होल्टच्या खाली आली असेल, तर दिवस भरलेत. बदलण्यापूर्वी सिसएक्सने (मिडीवरून यंत्राची माहिती पाठवायच्या पद्धतीने) सगळे पॅच संगणकावर उतरवून घ्या, कारण बॅटरी काढताच मेमरी रिकामी होते. बदलल्यावर फॅक्टरी रीसेट केला नाही, तर पडद्यावर कचरा दिसतो आणि लोक बोर्ड गेला असं समजतात.

मागचा व्होल्टेज सिलेक्टर, किंवा तो नसेल तर पट्टीवरचा आकडा, प्लग लावण्याआधी वाचा. ४०० हर्ट्झचा टोन सोडून डावं-उजवं आउटपुट मोजा; अर्ध्या डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा ऑप-अँप किंवा कपॅसिटर संशयित. एन्कोडर (आकडे बदलायचा नॉब) हळू फिरवा: आकडा मागे-पुढे उडत असेल तर तो मळलाय, बदलायची तयारी ठेवा. शेवटी यंत्र अर्धा तास चालू ठेवून मगच रिव्हर्बची लांब शेपटी ऐका. गरम झाल्यावर येणारी चरचर थंड यंत्रात कधीच ऐकू येत नाही.